डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या: ऑपरेशन न करता नेमकं काय करता येतं?

शिट्टी | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. मी कराडजवळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, वय ४८. पंचवीस वर्षं खो-खो आणि कबड्डीच्या मुलींना घेऊन मैदानावर उभी आहे. सकाळी साडेसहाला, पुन्हा दुपारी चारला, आणि स्पर्धांच्या दिवसांत दहा ते पाच ऊन डोक्यावर. गॉगल कधी लावला नाही. खो देताना पाय कुठे पडतो ते बघायला नजर मोकळी हवी असं वाटायचं, म्हणून डोळे बारीक करून बघायची सवयच लागली.

गेल्या महिन्यात लेकीचा साखरपुडा झाला. फोटो आले तेव्हा मी बराच वेळ एकाच फोटोवर थांबले. डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून कानशिलापर्यंत चार-पाच ठळक रेषा, आणि डोळ्यांखाली बारीक जाळी. मी त्या दिवशी खूप आनंदात होते, पण फोटोत दमलेली दिसते. माघात लग्न आहे.

जाऊबाईंनी सांगितलं की त्यांच्या ओळखीच्या एका पार्लरमध्ये 'इंजेक्शन' मिळतं, दोन्ही डोळ्यांचे मिळून ४००० रुपये. मी थोडं वाचायला गेले तर बोटॉक्स, फिलर, पीआरपी, लेझर, आरएफ असे इतके शब्द अंगावर आले की काही कळेना. ऑपरेशन करायचं नाही. १५-२० हजार बाजूला काढू शकते. यातलं कोणतं कशासाठी असतं, आणि माझ्यासारखीनं सुरुवात कुठून करायची?

एक विनंती. 'वय शोभून दिसतं' असं कृपया सांगू नका. ते मला ठाऊक आहे, तरीही विचारते आहे.

---

इंद्रायणीकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री १०:१५

ताई, पार्लरमध्ये अजिबात जाऊ नका! बाकी सगळं नंतर वाचा, आधी एवढं ऐका.

मी दोन वर्षांपूर्वी डोळ्यांखालच्या खळग्यात फिलर, म्हणजे कातडीखाली टोचायचं भरावाचं जेल, भरून घेतलं होतं. जागा चकचकीत होती, भिंतीवर प्रमाणपत्रं होती, पण सुई हातात धरणारी व्यक्ती कुठल्या शाखेची डॉक्टर आहे हे मी विचारलंच नाही. दोन आठवड्यांत डाव्या डोळ्याखाली निळसर फुगवटा दिसायला लागला. सकाळी उठल्यावर जास्त. लोक विचारायचे, मार लागला का? परत गेले तर 'बसेल हळूहळू' म्हणाले. पाच महिने वाट बघितली. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी फिलर विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि फुगवटा दोन दिवसांत उतरला. पाच महिने मी सेल्फी काढला नाही, भाचीच्या बारशाला मागच्या रांगेत उभी राहिले. त्या पाच महिन्यांचा राग अजून जात नाही.

आणि माझा त्रास खरं तर सुरकुत्यांचा नव्हताच, खळग्याचा होता. तुमचा वेगळा दिसतोय.

---

त्वचारोग_पुणे | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, १६ वर्षं प्रॅक्टिस करते. इथे कुणाचं निदान करणार नाही, ते समोर बघूनच होतं. पण शिट्टीताईंनी प्रश्न फार नेमका विचारलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

उपचार ठरवण्याआधी रेषा ओळखायची. आरशासमोर उजेडात उभ्या राहा. चेहरा अगदी सैल सोडा आणि बघा, मग मोकळेपणी हसा आणि पुन्हा बघा. ज्या रेषा फक्त हसल्यावर उमटतात त्या स्नायूच्या. डोळ्याभोवती एक गोल स्नायू असतो, डोळा मिटणं आणि बारीक करणं ही त्याची कामं. तो आकसला की वरची कातडी त्याच्या आडव्या दिशेनं दुमडते, म्हणून कोपऱ्यातून पंख्यासारख्या रेषा फुटतात. ज्या रेषा न हसताही दिसतात, त्या आता कातडीत बसल्या आहेत. पैठणी कपाटात वर्षानुवर्षं एकाच घडीवर ठेवली तर त्या घडीवरच चिरते, म्हणून आपण मधूनमधून घडी बदलतो. चेहऱ्याची घडी बदलता येत नाही, आणि त्यात ऊन भर घालतं. उन्हातले अतिनील किरण कोलॅजेन तोडतात, तेच कातडीला आतून धरून ठेवणारं जाळं.

डोळ्यांखालची बारीक जाळी ही वेगळी गोष्ट. पापण्यांची कातडी अंगावरची सगळ्यांत पातळ कातडी आहे, तिथे तेलग्रंथीही कमी. ती कोरडी पडली, उन्हानं विरली की चुरगळलेल्या कागदासारखी दिसते. इंद्रायणीकाठ म्हणतात तो खळगा तिसराच प्रकार, आतलं भरण कमी झाल्यानं सावली पडते. आणि पापणी खरोखर लोंबत असेल किंवा चरबीची पिशवी पुढे आली असेल, तर बाहेरून काही करून ती जात नाही. तिथे शस्त्रक्रियाच लागते, आणि प्रामाणिक डॉक्टरनं ते पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

आता उपचार. हालचालीच्या रेषांवर आजघडीला सर्वांत भरवशाचा उपचार बोट्युलिनम टॉक्सिनचं इंजेक्शन. बोटॉक्स हे त्यातल्या एका ब्रँडचं नाव, पण सगळे त्यालाच बोटॉक्स म्हणतात. नस स्नायूला 'आकस' असा निरोप ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून देते. हे औषध तो निरोप नसेच्या टोकाशीच अडवतं. स्नायू सैल पडतो, वरची कातडी दुमडत नाही. तीन-चार दिवसांत फरक जाणवू लागतो, पूर्ण परिणाम दोन आठवड्यांनी कळतो आणि तीन-चार महिने टिकतो. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, डोळ्यांच्या कडेच्या रेषांसाठी बोटॉक्सला २०१३ मध्ये मान्यता दिली. त्यातली मात्रा एका बाजूला तीन ठिकाणी प्रत्येकी ४ युनिट, म्हणजे दोन्ही बाजू मिळून २४ युनिट. रुग्ण बघून डॉक्टर ती कमी करतात. वेगवेगळ्या ब्रँडचे युनिट एकसारखे नसतात, त्यामुळे मैत्रिणीचा आकडा आपल्याला लावू नका.

बसलेल्या रेषा आणि जाळी यांवर टॉक्सिन एकटं पुरत नाही. तिथे कातडी सुधारावी लागते. रात्री लावायचं रेटिनॉल किंवा ट्रेटिनॉइन, दिवसा सनस्क्रीन. ट्रेटिनॉइन आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतं, महाग नाही, आणि उन्हानं आलेल्या बारीक सुरकुत्यांवर त्याच्याइतका पुरावा दुसऱ्या कुठल्याच क्रीमच्या मागे नाही. फक्त तीन ते सहा महिने धीर धरावा लागतो आणि डोळ्याजवळ ते फार जपून लावावं लागतं.

लेझरबद्दल एक इशारा. फ्रॅक्शनल सीओटू लेझर कातडीत सूक्ष्म छिद्रं पाडून नवं कोलॅजेन बनवायला लावतं आणि बसलेल्या रेषांवर चांगलं काम करतं. पण आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर जखम भरल्यावर काळा डाग राहण्याचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा बराच जास्त. परदेशातले आधी-नंतरचे फोटो बघून तेवढ्याच ताकदीचं लेझर मागू नका. डोळ्याजवळ लेझर करताना डोळ्याला संरक्षक कवच घातलंच पाहिजे. आणि तुम्ही रोज मैदानावर असाल तर लेझरनंतर ऊन टाळणं जमेल का, हेही आधी पाहा.

आरएफ, म्हणजे रेडिओ लहरींची उष्णता देऊन कातडी ताणणं, यानं थोडा घट्टपणा येतो. पीआरपी, म्हणजे स्वतःच्याच रक्तातले प्लेटलेट वेगळे काढून टोचणं, त्याचे निकाल मला रुग्णागणिक इतके वेगळे दिसलेत की मी स्वतः ते पहिल्या यादीत ठेवत नाही.

डोळ्याच्या कडेला फिलर शक्यतो नकोच. डोळ्याभोवतीच्या रक्तवाहिन्यांत चुकून फिलर गेलं तर दृष्टी जाऊ शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर बहुधा परत येत नाही. खळग्यासाठी फिलर घ्यायचंच असेल तर एकच प्रश्न विचारा: 'हायल्युरोनिडेज (फिलर विरघळवणारं औषध) तुमच्याकडे आत्ता, या खोलीत आहे का?' उत्तर देताना समोरचा अडखळला तर उठून या.

---

ओवी_सांगते | १२ ऑक्टोबर, दुपारी १:३०

शिट्टीताई, तुम्ही नको म्हणालात तरी मनापासून लिहिते, राग मानू नका. माझ्या आजीचं तोंड म्हणजे सुरकुत्यांचं जाळं होतं. ती हसली की डोळे त्यात हरवून जायचे. ती गेली तेव्हा मला तिचे डोळे नाही, त्या रेषाच आठवत राहिल्या. हसणारे स्नायू सैल केले तर तुमच्या लेकीला तिची आई तशीच हसताना दिसेल का? एवढंच वाटतं.

---

शिट्टी | १२ ऑक्टोबर, रात्री ८:५०

ओवी, राग नाही आला. उलट रात्रभर तुमचं वाक्य डोक्यात घोळणार आहे.

पण माझी बाजूही ऐका. या रेषा हसण्यानं आल्या असत्या तर मी हा धागा काढलाच नसता. त्या उन्हात डोळे बारीक करून आल्यात. पंचवीस वर्षं मी मुलींना सांगत आले, गुडघ्याला पट्टी बांधा, पाणी प्या, अंगाची काळजी घ्या. स्वतःच्या अंगाची घेतली नाही. आता घ्यावीशी वाटते, त्यात मला लाज वाटत नाही.

डॉक्टर, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. आरशासमोर उभी राहिले. बाहेरच्या पाचपैकी तीन रेषा फक्त हसल्यावर येतात. दोन बसल्या आहेत. खाली जाळी आहे. खळगा नाही.

ओवीचा प्रश्न मात्र मलाही पडलाय. हसू बदलेल का?

---

त्वचारोग_पुणे | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:५५

रास्त प्रश्न आहे. १८६२ मध्ये ड्युशेन या फ्रेंच वैद्यानं चेहऱ्याच्या स्नायूंवर पुस्तक लिहिलं. ओठ माणूस मुद्दाम हसवू शकतो, डोळ्याभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदातच साथ देतो, असं त्याचं निरीक्षण. म्हणून तो स्नायू पूर्ण बंद केला तर हसू ओठांपुरतं उरतं आणि समोरच्याला काहीतरी खटकतं, काय ते सांगता येत नाही.

उपाय असा की पूर्ण बंद करायचाच नाही. मी पहिल्यांदा आलेल्या रुग्णाला कमी मात्रेत देते, दोन आठवड्यांनी बोलावते, हसायला सांगते. हवं असेल तर थोडं वाढवते. वाढवता येतं, काढून घेता येत नाही, परिणाम ओसरेपर्यंत थांबावं लागतं. सुई फार खाली, गालाकडे दिली तर हसू वाकडं होऊ शकतं. म्हणून शरीररचना पाठ असलेला हात हवा.

---

पॅसिफिककाठी | १३ ऑक्टोबर, रात्री ११:२०

मी व्हँकुव्हरला राहते, मूळची रत्नागिरीची. या औषधाच्या सौंदर्योपचाराची गोष्ट आमच्याच गावातली, म्हणून सांगते. जीन कॅरुथर्स या इथल्या नेत्रतज्ज्ञ. पापण्या आपोआप घट्ट मिटण्याच्या आजारावर त्या हे औषध देत होत्या. १९८७ मध्ये एका रुग्ण बाईंनी तक्रार केली की यावेळी भुवयांच्या मधे इंजेक्शन का दिलं नाही? तिथे दिलं की माझा चेहरा शांत दिसतो. घरी जीन यांनी हे नवऱ्याला सांगितलं. ते ॲलेस्टर कॅरुथर्स, त्वचारोगतज्ज्ञ, आणि त्यांचे रुग्ण त्याच आठ्यांसाठी दुसरे उपाय मागत यायचे. दोघांनी मिळून काम केलं, १९९२ मध्ये निबंध छापला. भुवयांमधल्या आठ्यांसाठी एफडीएची मान्यता त्यानंतर दहा वर्षांनी, २००२ मध्ये आली.

मला ही गोष्ट आवडते, कारण सुरुवात एका बाईनं स्वतःच्या चेहऱ्याकडे नीट बघण्यापासून झाली.

---

नांदणी_नदी | १४ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

वर ज्या आजाराचा उल्लेख आला तो माझ्या वडिलांना आहे, ब्लेफरोस्पाझम. बाबा सोलापूरला असतात. चालता चालता डोळे मिटायचे आणि उघडायचेच नाहीत. बोटांनी पापण्या वर धरून रस्ता ओलांडायचे. लोकांना वाटायचं म्हातारा नाटक करतो. गेली सहा वर्षं दर साडेतीन-चार महिन्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे हेच इंजेक्शन घेतात आणि पेपर वाचतात, दुचाकीवर मागे बसून देवळात जातात.

औषध हेच, म्हणून दोन गोष्टी अनुभवातून सांगते. एकदा त्यांची एक पापणी खाली आली होती, तीन आठवडे तशीच होती, मग आपोआप सुधारली. आणि डोळे कोरडे पडतात, थेंब घालावे लागतात. शिट्टीताई, तुम्हाला आधीच डोळे कोरडे असण्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

---

त्वचारोग_पुणे | १४ ऑक्टोबर, दुपारी २:१०

नांदणी, फार महत्त्वाचं लिहिलंत. त्यात भर: मायस्थेनिया ग्रॅव्हिससारखा स्नायू-नसांचा आजार असणाऱ्यांनी, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी हे घेऊ नये. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील तर काळंनिळं जास्त पडतं, पण म्हणून त्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत.

---

घाटवाट | १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

पुरुषानं इथं लिहिलं तर चालेल ना? मी बावीस वर्षं मालगाडी... म्हणजे ट्रक चालवतो, कोल्हापूर ते मुंबई. माझ्या उजव्या डोळ्याच्या कडेला डावीच्या दुप्पट रेषा आहेत. उजवा गालही जास्त रापलेला. खिडकीची काच तर बंद असते. असं का?

---

त्वचारोग_पुणे | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३५

दादा, जरूर लिहा. तुमचा चेहरा पाठ्यपुस्तकातलं उदाहरण आहे. अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. बी प्रकारानं कातडी भाजते, तो काचेतून फारसा येत नाही. ए प्रकार भाजत नाही, म्हणून कळतही नाही, पण कातडीत खोल जातो आणि बाजूच्या साध्या काचेतून बराचसा आत येतो. समोरची काच दोन थरांची असते, ती त्याला बऱ्यापैकी अडवते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो आला होता. २८ वर्षं गाडी चालवून चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी झालेली. तिथे चालक डावीकडे बसतो, आपल्याकडे उजवीकडे. एवढाच फरक.

निघण्याआधी दोन्ही बाजूंना सनस्क्रीन, दर दोन-तीन तासांनी चहाला थांबाल तेव्हा पुन्हा. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि यूव्ही ४०० लिहिलेला गॉगल. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बर गावात ९०० हून अधिक लोकांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज नेमानं सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी त्या काळात म्हातारी झाल्याचं दिसलं नाही, आणि ते साधं एसपीएफ १५ चं होतं. नेम महत्त्वाचा.

---

घाटवाट | १५ ऑक्टोबर, रात्री १०:५०

उद्याच घेतो. डोळ्यात गेलं की झोंबतं म्हणून मागे एकदा सोडून दिलं होतं.

---

त्वचारोग_पुणे | १५ ऑक्टोबर, रात्री १०:५८

झिंक ऑक्साइडवालं मागा. डोळ्याभोवती ते कमी झोंबतं. गाडी चालवताना डोळ्यात जाणं धोक्याचं आहे, म्हणून वरच्या पापणीला लावूच नका, तिथलं काम गॉगल करेल.

---

मोगरा७८ | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:१५

मी रात्री बदाम तेल लावते, छान वाटतं. आणि मेडिकलवाल्यानं एक क्रीम दिलं आहे, ते डोळ्यांखाली लावते. आठ दिवसांतच काळेपणा आणि बारीक रेषा दोन्ही कमी झाल्या. बहिणीलाही दिलं. नाव लिहू का?

---

त्वचारोग_पुणे | १७ ऑक्टोबर, दुपारी ३:४०

मोगरा, इथे नाव लिहू नका, पण आत्ता उठून ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा फ्लुओसिनोलोन यांतला एखादा शब्द आहे का?

---

मोगरा७८ | १७ ऑक्टोबर, दुपारी ४:०५

मोमेटासोन आहे. आणि हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन. सात महिने झाले लावते आहे.

---

त्वचारोग_पुणे | १७ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो तो त्यामुळे. पुढे तेच स्टेरॉइड कातडी पातळ करतं, लाल शिरा दिसू लागतात, आणि तुम्ही ज्या सुरकुत्या घालवायला निघालात त्याच वाढतात. डोळ्याजवळ महिनोन्‌महिने लावलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. सरकारनं २०१८ मध्ये अशी बरीच स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, पण काउंटरवर काय चालतं ते तुम्ही बघितलंच.

घाबरू नका, पण एकदम बंदही करू नका. सात महिन्यांनी अचानक थांबवलं तर चेहरा भडकतो. या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, हळूहळू कमी करून देतील. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दाबही तपासून घ्या. बहिणीलाही सांगा. बदाम तेलानं ओलावा टिकतो, जाळी थोडी कमी दिसते, लावायला हरकत नाही. त्यानं सुरकुती जात नाही इतकंच.

---

मोगरा७८ | २३ ऑक्टोबर, रात्री ८:२०

जाऊन आले. डोळ्यांचा दाब माझा ठीक निघाला. बहिणीचा उजव्या डोळ्याचा वाढलेला आहे, थेंब सुरू केलेत. ती म्हणाली, त्या धाग्यावरच्या बाईंना सांग. सांगितलं.

---

शिट्टी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

मोगरा, तुमच्या बहिणीला लवकर बरं वाटो. हे वाचून मी जाऊबाईंना फोन केला आणि पार्लरचा विषय कायमचा संपवला.

साताऱ्याच्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आले. आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीत त्यांचं नाव पाहिलं, नावापुढे एमडी त्वचारोग आहे याची खात्री केली. त्यांनी जवळजवळ इथे लिहिलंय तेच सांगितलं. आत्तापासून आठवड्यातून दोन रात्री रेटिनॉल, जमलं की वाढवायचं. पूर्ण चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढंच, आणि डोळ्याभोवती हाडावरच, पापणीवर नाही. त्याच्या खाली-वर साधं मॉइश्चरायझर. मैदानावर रुंद कडेची टोपी आणि गॉगल. डिसेंबरच्या शेवटी कमी मात्रेत बोटॉक्स, म्हणजे लग्नाच्या आधी हातात महिनाभर राहील. लेझरला त्यांनी स्वतःहून नाही म्हटलं.

एक प्रश्न. लेक माझ्या ट्यूबमधलंच लावायला लागली आहे. चालेल ना?

---

त्वचारोग_पुणे | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

नको. लग्नानंतर बाळाचा विचार कधीही होऊ शकतो, आणि रेटिनॉइड गटातलं काहीही (रेटिनॉल, ट्रेटिनॉइन त्यातलेच) गरोदरपणात किंवा त्याची तयारी चालू असताना लावायचं नाही. तिच्या वयाला सनस्क्रीन पुरे.

---

शिट्टी | २९ डिसेंबर, रात्री ८:०५

काल इंजेक्शन घेतलं. ज्यांना भीती वाटते त्यांच्यासाठी सगळं लिहिते.

डॉक्टरांनी बाटली माझ्यासमोर फोडली. आत तळाला अगदी नाममात्र पांढरा थर, रिकामीच आहे असं वाटावं. त्यात सलाइन घालून विरघळवलं. बाटली फ्रीजमधून काढली हे मी बघितलं, मुदतीची तारीख आणि बॅच नंबर माझ्या कागदावर लिहून दिला. मग मला जोरात हसायला लावलं आणि पेन्सिलनं ठिपके काढले. दोन्ही बाजू मिळून २० युनिट. सुई मुंगी चावल्यासारखी, डोळ्यांतून पाणी आलं पण दुखण्यापेक्षा घाबरल्यामुळे. दहा मिनिटांत बाहेर. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही, त्या दिवशी धावपळ नको.

३५० रुपये युनिटप्रमाणे ७००० आणि त्यावर जीएसटी. सौंदर्यासाठीच्या उपचारावर जीएसटी लागतो हे मला माहीत नव्हतं. विम्यातही बसत नाही, हे आधी धरून चाला.

उजवीकडे डाळीएवढं काळंनिळं पडलंय. बाकी आज आरशात काहीही फरक नाही.

---

नांदणी_नदी | २९ डिसेंबर, रात्री ९:३०

बाबांनाही दरवेळी दोन दिवस काहीच वाटत नाही. थांबा.

---

शिट्टी | १२ जानेवारी, रात्री ९:२५

दोन आठवडे झाले. हसल्यावरच्या तीन रेषा खूप मऊ झाल्यात, गेल्या नाहीत. बसलेल्या दोन आहेत तिथेच आहेत, थोड्या उथळ वाटतात. डॉक्टरांनी विचारलं, वाढवू का? मी नको म्हटलं. खालच्या जाळीत रेटिनॉलनं थोडा फरक पडतोय, डिसेंबरात एक आठवडा सालपटं निघाली तेव्हा मधे बंद ठेवलं होतं.

एक गंमत वाटावी अशी गोष्ट कळली. उन्हात डोळे बारीक करायला गेलं की ते पूर्वीसारखे होतच नाहीत. म्हणून गॉगल आता लावावाच लागतो. आणि गॉगलमधून पाय व्यवस्थित दिसतो. पंचवीस वर्षं मी उगीचच समजत होते.

ओवी, घरातल्या कुणालाही सांगितलं नव्हतं, लेक सोडून. नवरा परवा म्हणाला, सुट्टीत झोप झालेली दिसते तुझी.

---

ओवी_सांगते | १३ जानेवारी, सकाळी ८:००

ताई, हसताना बघितलं का लेकीनं?

---

शिट्टी | १९ फेब्रुवारी, रात्री १०:४०

लग्न झालं. दोन दिवस झाले, घर अजून रिकामं वाटतंय.

ओवी, तुमचं उत्तर आज देते. पाठवणीच्या वेळी मी हसत होते आणि रडत होते, दोन्ही एकदम. त्या क्षणाचा फोटो आलाय. डोळ्यांच्या कडेला रेषा आहेत, दोन्हीकडे, बारीक. मी ओळखू येते. लेकीनं तोच फोटो फोनवर लावलाय.

डॉक्टर, परिणाम एप्रिलमध्ये ओसरेल. पुन्हा घ्यायचं की नाही हे मी अजून ठरवलेलं नाही. दरवर्षी तीन वेळा एवढे पैसे मला परवडणार नाहीत. नाही घेतलं तर आधीपेक्षा वाईट दिसेल का?

---

त्वचारोग_पुणे | २० फेब्रुवारी, सकाळी ७:००

नाही. स्नायू हळूहळू पूर्वीसारखा होतो, रेषा पूर्वीच्या जागी येतात, त्याहून जास्त नाही. मन झालं तर वर्षातून एकदाच घ्या, काही बिघडत नाही. रेटिनॉल आणि टोपी मात्र सोडू नका. मार्चमध्ये ऊन चढलं की रेटिनॉलनं जळजळ होईल, तेव्हा आठवड्यातून एक रात्र कमी करा. लेकीला माझे आशीर्वाद.

---

शिट्टी | २० फेब्रुवारी, सकाळी ७:२०

सांगते तिला. मैदानावर निघाले. या वर्षी शाळेकडून मुलींसाठी बारा टोप्या मागवून घेतल्यात, आज वाटायच्या आहेत.